डाव्या बुटातला संगणक

मित्रांनो, आधी नाकाला रुमाल लावा. मी एक जुना संगणक आहे. हे वाचून तुमच्या डोळ्यांसमोर बँकेतलं थंडगार काचेचं दालन आलं असेल आणि दारावरची पाटी : 'पादत्राणे बाहेर काढावीत.' ते भाग्य माझ्या भाऊबंदांना लाभलं. त्यांना धूळसुद्धा लागू नये म्हणून मोठमोठे साहेब अनवाणी आत जात. मी मात्र पादत्राणातच राहिलो. एका माणसाच्या डाव्या बुटात, त्याच्या पायाखाली, पूर्ण अकरा महिने.

त्या माणसाचं नाव विद्याधर परुळेकर. घाटकोपरच्या पंतनगरातल्या कॉलनीत, पहिल्या मजल्यावर, तो बायको मालन आणि मुलगी वसुधा यांच्यासोबत राहायचा. अंधेरीला मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात तो टेक्निशियन होता. स्वभावाने मुखदुर्बळ. चार माणसांत बसला तर पाचव्याला तो दिसायचा नाही. एकदा रद्दीवाल्याकडे त्याला एक परदेशी मासिक मिळालं. त्यात अंगावर घालायच्या संगणकाबद्दल दोन पानं होती. झालं! माणसाच्या डोक्यात किडा वळवळू लागला.

साल होतं एकोणीसशे पंच्याऐंशी. दर शनिवारी संध्याकाळी विद्याधर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात जाऊन एक-एक भाग आणू लागला. आज चिप, पुढच्या आठवड्यात चिपला ताल देणारा स्फटिक, त्यानंतर नुसतेच दोन स्विच. रविवारी मालनच्या भाकऱ्या झाल्या की ओट्यावरच माझी जुळणी सुरू व्हायची. तारांना डाग देताना वितळलेल्या राळेचा धूर आणि सुक्या बांगड्याचा वास एकत्र आला की काय होतं, ते मी सांगत बसत नाही. पण एक कबूल करतो. हा माणूस हाताने सोनं होता. माझा एकही सांधा त्याने कच्चा सोडला नाही. कोणत्याही तारखेचा वार काढायचा, एवढंच काम मला दिलेलं होतं. ते गणित त्याने वहीत आकडा-आकडा करून लिहिलं आणि साहेबांची परवानगी घेऊन कारखान्यातल्या यंत्रावर माझ्या चिपमध्ये भरलं. पहिल्यांदा माझं उत्तर बरोबर आलं, तेव्हा तो एकटाच ओट्यापाशी उभा राहून हसत होता. मला वाटलं, आता हा मला सगळ्यांना दाखवेल.

सुरुवातीला त्याने दाखवलंही. तेव्हा मी कमरेच्या पट्ट्यावर होतो आणि शर्टाखाली टम्म फुगायचो. शेजारच्या सुगंधाबाई जिन्यात भेटल्या.

"अगं बाई! हर्नियाचं ऑपरेशन झालं का हो, विद्याधरभाऊ? पट्टा कुठून घेतलात? आमच्या ह्यांना पण हवाय."

"नाही हो, हा संगणक आहे. मी बनवलाय."

"काही का असेना, वजन उचलू नका," म्हणून त्या निघून गेल्या. कारखान्यातही तीच गत. कोणी ट्रान्झिस्टर म्हणालं, कोणी जेवणाचा डबा. विद्याधर ओशाळला आणि त्याने मला लपवायचं ठरवलं. स्टेशनबाहेरच्या मोचीकडून त्याने दोन नंबर मोठे, जाड तळव्याचे बूट करून घेतले. डाव्या बुटात माझा मेंदू, उजव्यात पेन्सिल सेल आणि दोघांना जोडणारी तार विजारीच्या आतून. दोन्ही अंगठ्यांखाली एकेक स्विच. उजवा अंगठा दशक मोजायचा, डावा एकक. मी हिशोब करून डाव्या टाचेला बारीक ठोके द्यायचो. रविवारला एक, सोमवारला दोन, असं शनिवारपर्यंत सात.

शी! त्या बुटाची नुसती आठवण आली तरी माझ्या तारा आकसतात. मित्रांनो, विद्याधरच्या तळपायांना घाम फुटायचा. थोडाथोडका नाही, पायमोजे पिळावेत एवढा. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत्या. करंगळीखाली भोवरी होती, तिचा पापुद्रा निघून माझ्यावर पडायचा. वर मालनने दिलेली बोरिक पावडर. घाम आणि पावडर मिळून जी खळ तयार होई, ती माझ्या सांध्यांत शिरायची. तिच्यामुळे स्विच आपोआप दाबले जायचे आणि मी शुद्ध मूर्खासारखा सोमवारचा गुरुवार करायचो. देवनारच्या कचऱ्याच्या डंपिंगवरून वारा सुटला की अख्खं पंतनगर नाक दाबायचं. मला मात्र त्या वाऱ्याने बरं वाटायचं, कारण निदान तो वारा होता.

पण मी तुम्हाला जी किळस सांगायला बसलोय ती ही नव्हे. घाम धुऊन जातो.

विद्याधरचा एक सोबती होता, फ्रेडी. मरोळ गावातला, त्याच कारखान्यातला, आणि बुटाचं गुपित ठाऊक असलेला एकमेव माणूस. त्याच्या भाचीच्या, बेलाच्या, बाप्तिस्म्याला विद्याधर मला घालून गेला. तिथे सगळे घरात बुटानिशीच वावरत होते, तेव्हा माझं चांगलंच फावलं. 'हा कुठल्याही तारखेचा वार सांगतो,' असं फ्रेडीने गमतीत जाहीर केलं, तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या काकांनी स्वतःच्या लग्नाची तारीख सांगून म्हटलं, "सांग बाबा वार." विद्याधरने डोळे मिटले. खरं तर अंगठ्याचे ठोके चुकू नयेत म्हणून मिटले होते. मी उत्तर दिलं. तो म्हणाला, "रविवार."

"अरे देवा! काय डोकं आहे या पोराचं!" काका खुर्चीतून उठलेच.

विद्याधरने तोंड उघडलं. मी बुटात कान टवकारून बसलो होतो. आता सांगेल, 'डोकं माझं नाही काका, यंत्र आहे, पण यंत्र मी बनवलंय.' तेवढ्यात आणखी चौघे पुढे आले. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा. त्याने तोंड मिटलं. त्या क्षणी मला त्याची जी शिसारी आली, ती त्याच्या चिखल्यांची कधी आली नव्हती.

बाहेर आल्यावर फ्रेडी हसत होता. "झकास फसवलंस यार! पण आता सांगून टाक हां."

"सांगतो रे. थोडे दिवस."

थोड्या दिवसांचे महिने झाले. कँटीनमध्ये, सहलीत, युनियनच्या सभेत, डोळे मिटून वार सांगणारा विद्याधर प्रसिद्ध झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं लोक म्हणतात. झाकलेला बूट किती लाखांचा होता, ते मला विचारा. लोक त्याच्या कपाळाला हात लावून पाहत आणि मी खाली घामात बुडालेलो.

घरी आल्यावर मी दाराशी, चपलांच्या फळीवर पडायचो. तिथून वसुधा दिसायची. दहा वर्षांची, पाचवीतली, गणितात बेताची. तिच्या बाईंपर्यंत बापाची कीर्ती गेली होती. "अगं, तुझे बाबा कोण, आणि तुला सातचा पाढा येत नाही? मठ्ठ कुठली!" असं म्हणून बाई रोज तिच्या डोक्यावर टपली मारायच्या. मग ती पोर जुनी कॅलेंडरं गोळा करून पाठ करत बसायची. जानेवारी झाला की फेब्रुवारी, फेब्रुवारी झाला की जानेवारी विसरलेला. विसरली की स्वतःच्याच डोक्यावर टपली मारायची. बाईंपेक्षा जोरात.

"आई, माझं डोकं बाबांसारखं का नाही गं?" तिने एकदा विचारलं.

मालनला बुटाला पॉलिश करताना सगळं कळलं होतं. ती विद्याधरला म्हणाली, "तिला सांगा. आजच्या आज सांगा. पोर सुकत चालली आहे."

"गणपती होऊ देत, मग सांगतो. कॉलनीत कार्यक्रम ठरलाय, आता सगळ्यांसमोर शोभा नको."

"तुमची शोभा? आणि तिचं काय?"

तो खाली मान घालून माझ्या तारा तपासत बसला. त्याच्याच लेकीचं कपाळ लाल झालेलं होतं आणि तो सेल बदलत होता! मित्रांनो, मला पाय असते तर मी तेव्हाच फळीवरून उडी मारली असती.

गणपती आले. मंडळाचे अध्यक्ष अंबादासभाऊ. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा माणूस. त्यांनी फळ्यावर खडूने लिहून टाकलं : 'बाप-लेकीचा गणिती चमत्कार'. लेकीला कोणी विचारलंही नव्हतं. कार्यक्रम शेजारच्या शाळेच्या हॉलमध्ये व्हायचा होता. तिथे बूट चालत, म्हणून विद्याधर निर्धास्त होता. पण त्या दिवशी हॉलची वीज गेली. अंबादासभाऊंनी लाउडस्पीकरवरून घोषणा केली, "कार्यक्रम मंडपातच, बाप्पासमोर!"

मंडपाच्या दोरीपाशी स्वयंसेवक उभा होता. "काका, बूट."

"मी... मी कडेने जातो."

"बूट काढा काका. देव आहे ना आत."

अकरा महिने बुटात संगणक घालून हिंडणाऱ्या माणसाला, आपल्या देशात दारात बूट काढतात, हे एवढंच सुचलं नव्हतं! मागून माणसांचा रेटा आला. त्याने घोट्याजवळची तारेची पिन सोडवली आणि आम्हा दोन्ही बुटांना चपलांच्या ढिगात टाकलं. माझ्या अंगावर कुणाची तरी शेण लागलेली चप्पल येऊन पडली. पुढचं सगळं मी लाउडस्पीकरवरून ऐकलं.

"चला वसुधाबाळ, आधी तुझी परीक्षा," अंबादासभाऊ म्हणाले. " माझी जन्मतारीख, तीन मार्च एकोणीसशे एकतीस. वार कुठला?"

 वसुधाचा बारीक आवाज आला, "बुधवार?"

"चूक! बापाचं नाव घालवलंस की गं!" मंडप हसला. दोनशे माणसं हसली. "आता विद्याधरराव, तुम्ही दाखवा पोरीला."

 मला ठाऊक होतं, सवयीने त्याचे उघडे अंगठे सतरंजीवर दाबले जात असणार. माझ्यापर्यंत काही पोहोचत नव्हतं. आणि खरं सांगू? मला आनंद होत होता. मग हुंदका ऐकू आला. त्याचा नाही, वसुधाचा. माझा आनंद तिथेच संपला.

"मला माहीत नाही," विद्याधरचा आवाज आला.

"थट्टा करतायत!" अंबादासभाऊ म्हणाले.

"थट्टा नाही. मला हे कधीच येत नव्हतं."

तो व्यासपीठावरून उतरला, ढिगापाशी आला, गुडघ्यांवर बसला आणि चपला उपसून त्याने आम्हाला बाहेर काढलं. दोन्ही बूट उराशी धरून तो मंडपात शिरू लागला, तर एकच ओरडा झाला. "अहो बूट! बूट कुठे आणताय? देवासमोर बूट?" चौघांनी त्याला अडवलं. बुटात घातल्यापासून पहिल्यांदा मला सगळ्यांना दाखवायला निघालेला माणूस, आणि लोकांना दिसला फक्त बूट. पायीची वहाण पायीच बरी, असं कोणीतरी म्हणालंसुद्धा.

वसुधा मात्र दोरीपाशी आली होती. विद्याधर तिथेच, चपलांत, फतकल मारून बसला. त्याने आतला तळवा उचकटला, तार जोडली आणि मला बाहेर काढलं. वास सुटला तसं तिने नाक दाबलं.

"हा वार सांगतो. मी नाही."

"म्हणजे... बाबा, तुम्हालाही येत नाही?"

"नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती हसेल. तिचे डोळे मात्र भरून आले. तिने विचारलं, "मग मला मठ्ठ का म्हणू दिलंत?"

  विद्याधर उठला. आम्हाला तिच्या पायाशी ठेवून तो पुन्हा व्यासपीठावर गेला आणि त्याने माइक ओढून घेतला. मुखदुर्बळ माणसाचा आवाज चिरकला.

"माझी पोर मठ्ठ नाही. मी खोटारडा आहे. बस, एवढंच."

कोणी टाळी वाजवली नाही. अंबादासभाऊंनी घाईघाईने वेशभूषा स्पर्धा पुकारली. बापलेक अनवाणी घरी निघाले. त्याच्या हातात उजवा बूट होता. डावा, म्हणजे मी, तिच्या हातात. तिने मला अंगापासून लांब, नाडीच्या टोकाला धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने नाक दाबलं होतं. पण वाटेत कचरापेटी लागली, तेव्हा तिने मला तिच्यात टाकलं नाही.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. विद्याधरने मला बुटातून सोडवलं आणि स्पिरिटने पुसून पत्र्याच्या डब्यात ठेवलं. आता मला वास येत नाही. माझ्यातलं गणित वसुधा त्याच्या वहीतून शिकली. सातने भागायचं आणि बाकी मोजायची, एवढंच तर आहे. कागदावर तिला चार मिनिटं लागतात आणि कधीकधी चुकतेही. चुकलं की तिचा हात अजून आपोआप डोक्याकडे जातो. विद्याधर तो हात मधेच धरतो. त्याने कितीदा धरला, ते मी मोजलेलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांना कोरडं ठेवा, पुसत जा, एवढं सगळेच सांगतात. मी दुसरंच मागतो. तुम्ही हाताने काही बनवलंत तर ते वाकडंतिकडं असलं, लोक हसले, तरी टेबलावर ठेवा. आणि जे तुम्हाला येत नाही त्याची वाहवा कोणी करू लागला, तर त्याच घडीला तोंड उघडा. उशीर केलात तर टपल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यावर बसतात. माझ्या बाबतीत ते डोकं दहा वर्षांचं होतं.