फक्त ठिपके देणारा पेन

मित्रांनो, मी एक जुना लाल शाईचा पेन आहे. माझे टोपण एका बाजूने तडकले आहे आणि निबेचे टोक झिजून तिरके झाले आहे. आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव जळका आहे. तुम्हाला एखाद्या गुणी पेनाची गोष्ट हवी असेल, तर ती मला सांगता येणार नाही.

मी आणि निळा एकाच कारखान्यात, एकाच दिवशी तयार झालो. आमचा साचा एक, निब एक, टोपणही एकसारखे. शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंनी आम्हा दोघांना विकत घेतले. घरी आल्यावर त्यांनी ड्रॉपरने एकात निळी शाई भरली आणि दुसऱ्यात लाल. त्यांचा हात आधी माझ्याकडे आला असता, तर मी निळा झालो असतो. एवढ्याशा गोष्टीवरून माझे सगळे आयुष्य ठरले.

निळ्याने पत्रे लिहिली, सह्या केल्या. बाईंच्या मुलीचे नाव शाळेत घातले तेव्हा अर्जही त्यानेच भरला. मी मात्र बावीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका शोधत बसलो. मला पाहिले की मुलांचे चेहरे उतरायचे. चूक करायची निळ्यांनी आणि वाईट कोण, तर ती दाखवणारा मी! पण बाईंचा हात प्रेमळ होता. वह्यांचा गठ्ठा संपला की त्या मला कोमट पाण्यात धुवायच्या आणि मऊ फडक्याने पुसायच्या. निळ्याला आठवड्यातून एकदा, मला रोज. हे मी बरोबर लक्षात ठेवले होते.

मुलगी मोठी झाली आणि नोकरीच्या एका भरती परीक्षेला बसली. आधी पर्याय निवडायचा पेपर, आणि त्यातून पुढे गेले की इंग्रजीचा लेखी पेपर. त्यात एक निबंध, एक पत्र आणि एका उताऱ्याचा सारांश, सगळे आपल्या शब्दांत लिहायचे.

"दाखव गं मला, काय लिहितेस ते," बाई म्हणायच्या.

"उद्या दाखवते. आणि आई, क्लासचे सर बघतात ना! तू सगळं पान लाल करून ठेवशील."

मी तिथेच टेबलावर होतो. सरांच्या हातातल्या त्या लाल बॉलपेनचा मला असा राग आला म्हणून सांगू! दोन दिवसांत संपणारी त्याची कांडी, आणि न वाचताच पानापानावर बरोबरची खूण करायची त्याची ऐट.

मुलगी त्या वर्षी इंग्रजीत राहिली. पुढच्या वर्षी बाई आजारी पडल्या आणि दोन महिन्यांत गेल्या. मुलगी तशीच परीक्षेला बसली आणि पुन्हा इंग्रजीतच अडकली. मला कुणीतरी टेबलाच्या खणात टाकले होते. शाई निबेत वाळून घट्ट झाली होती. निळा मात्र मुलीच्या हातात होता. तो दिवसाला दहा-दहा पाने लिहायचा, आणि त्याची कुरकुर मला खणात ऐकू यायची. बाईंनी रोज धुतले मला, आणि त्यांच्या लेकीच्या हातात तो!

तिसरी वेळ शेवटची होती. पुढच्या वर्षी मुलीचे वय परीक्षेच्या अटीत बसणार नव्हते. पेपरला दीड महिना उरला असताना एका रविवारी सकाळी तिचे बाबा तिच्याजवळ येऊन बसले. ते पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कामाला होते आणि सातवीपर्यंत शिकलेले होते.

"दोनदा कशामुळे राहिलीस, ते कळलं का?" त्यांनी विचारले.

"तेच कळत नाही ना बाबा. सरांनी सगळीकडे बरोबर केलंय. आई असती तर..."

बाबांनी खण उघडून मला बाहेर काढले आणि वाटीभर कोमट पाण्यात सोडले. तीनदा पाणी लाल झाले, तेव्हा कुठे माझी निब मोकळी झाली.

"बाबा, तुम्हाला इंग्रजी येत नाही. तुम्ही काय तपासणार?"

"नाहीच येत. पण पंपघरात तीस वर्षं मी काय केलं? आवाज ऐकला. मोटर कुठे अडखळते, ते मी न उघडता सांगतो. तू मोठ्याने वाच आणि बोट ओळीवरून फिरव. बोट अडेल तिथे मी ठिपका देईन."

नुसता ठिपका! एके काळी मी अर्धे पान भरून शेरे लिहीत होतो. मला फार अपमान वाटला. पण खणापेक्षा ठिपका बरा, म्हणून गप्प बसलो.

पहिला निबंध वाढत्या शहरांवर होता. वाचता वाचता मुलीला दम लागला.

"हे वाक्य आहे की मालगाडी? डबे संपेचनात!" बाबा म्हणाले. "यातले सगळे शब्द तुझ्या ओळखीचे आहेत का?"

"तीन नाहीत."

"मग त्यांना घरात कशाला घेतलंस?"

दोघेही हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसले होते. वाचून झाले तेव्हा पानांवर एकेचाळीस ठिपके होते. मुलीने वही जवळ ओढली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"बाबा, हे सगळे ठिपके क्लासच्या पाठ केलेल्या वाक्यांत आहेत. माझ्या मनाने लिहिलं, तिथे एकही नाही."

त्या दिवशी क्लासच्या नोट्स कपाटावर गेल्या. मुलगी आता लहान, आपल्या ओळखीची वाक्ये लिहू लागली. ठिपके वीसवर आले, मग नऊ, मग तीन. आणि मित्रांनो, इथे माझी जळफळ दुप्पट झाली. तिचे एक वाक्य सुधारले की माझा एक ठिपका जायचा. ती वाचायला बसली की मी मनात म्हणायचो, अडखळ गं, एकदा तरी अडखळ! आज हे सांगताना लाज वाटते, पण मी असाच होतो. परीक्षा तिची शेवटची होती, आणि मला माझ्या ठिपक्यांची पडली होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी तिने शेवटचा निबंध लिहिला. जुन्या पेपरातला विषय होता, 'माझी एक चूक'. ती वाचत होती आणि बाबा मला हातात धरून ऐकत होते. दीड पान झाले, तरी एकही ठिपका नाही. मी अगदी हिरमुसलो.

तेवढ्यात तिचे बोट अडले. मी खूश झालो! बाबांनी मला पुढे नेले. माझी निब कागदाच्या केसभर वर होती.

"शब्द अवघड आहे का?" त्यांनी विचारले.

"नाही. सगळे सोपे आहेत."

"मग? काय लिहिलंयस?"

तिने मान खाली घालून मराठीत सांगितले, "आई रोज विचारायची, निबंध दाखवतेस का. मी रोज म्हणायची, उद्या."

बाबांनी मला कागदाला टेकू दिले नाही. त्यांनी माझे टोपण लावले.

"इथे ठिपका नको," ते म्हणाले. "इथे अडायलाच हवं."

परीक्षेच्या खोलीत लाल पेन चालत नाही. निळा आत गेला. बाबा फाटकासमोरच्या कठड्यावर बसले आणि मी त्यांच्या खिशातून वाट पाहिली. दोन महिन्यांनी निकाल लागला आणि मुलगी पास झाली. ती नोकरीच्या गावी गेली, निळ्यालाही घेऊन गेली. मी बाबांजवळ राहिलो.

मित्रांनो, काम झाले की पेन धुवून ठेवत जा. वाळलेली शाई सहज निघत नाही. आणि घरातले कुणी म्हणाले, दाखव काय लिहिलेस, तर ते त्याच दिवशी दाखवा. पान लाल झाले तरी होऊ द्या.

माझा स्वभाव काही बदललेला नाही. निळ्याने केलेल्या सह्यांचा, पत्रांचा, अर्जांचा हेवा मी आता सोडून दिला आहे. फक्त त्या एका ओळीचा सुटत नाही. बाईंनी बावीस वर्षे मला हातात धरले, आणि बाईंवरची ओळ निळ्याने लिहिली. ती मला लिहायची होती.