हवा काढनारी जमनी

आयका त खरं! मारेगावच्या बाजारात वणीच्या मोटर मंडळाची जीप आली, अन् जीपवर भला मोठा भोंगा! गॅरेजवाले, टायरवाले, ट्रकमालक, असं साऱ्याइचं ते मंडळ. भोंग्यातून उकंडा मिस्त्री वरडून राह्यला, "डिझेलच्या नवीन गाड्या आल्या! मिस्त्री कमी पडून राह्यले! दर आइतवारी वणीले फुकट शिकवनी, ज्याले यायचं त्यानं या!"

जमनी तिथं मीठ-मिरची घ्यायले आलती. बंजाऱ्याच्या तांड्यावरची पोरगी, अठरा-एकोनीसची, कोपराच्या वरपावतर बांगड्या. तिनं सरळ इचारलं, "ज्याले म्हनजे गड्याइलेच का?"

उकंडा मिस्त्रीच्या तोंडापाशी भोंगा तसाच होता. तो बोलून गेला, "तसं कोनं लिहून नाई ठेवलं बाई!"

साऱ्या बाजारानं आयकलं. भोंग्यातला शब्द होय तो, माघारी कसा घेते आता!

आइतवारी जमनी, भाऊ हमाली करे त्या ट्रकवर बसून, वणीले हजर. शिकवनी भरे डोमाजी मालकाच्या आवारात. मालकाच्या पाच ट्रका, वरून मंडळाचा अध्यक्ष. जमनीले पाहून त्यानं पानाची पिचकारीच टाकली. "काय बे उकंडा, बाजारातून हे बी उचलून आनलं? बांगड्याच्या हातात पाना देतं का?"

उकंडा काही बोलाच्या आधी जमनीच बोलली, "मालक, माह्या आजानं बैलाच्या पाठीवर मीठ-धान्य लादून सारा मुलूख पालथा घातला. मंग तुमच्या ट्रका आल्या अन् आमचे बैल दावनीले लागले. माल मोटरीनं नेला, त मोटर आमच्या हातात काहून नाई?"

उकंडाले मनातून लै बरं वाटलं. त्यानं लगेच काम सांगतलं, "जमने, ते कोपऱ्यातली गाडी उचलत नाई, चालूच होत नाई. तिची हवा काढ."

जमनी गेली, उकिडवी बसली, चाकाच्या हवा भराच्या तोंडात खिळा दाबला, अन् फुस्स! एक चाक, दोन चाकं, तीन... उकंडा धावत येईपावतर सहाच्या सहा चाकं भुईले टेकली, अन् गाडीत सरकीची पोती भरलेली!

असे हासले बाप्पा शिकवनीचे पोट्टे, असे हासले! एक त टायरावर लोळलाच. आता तिले काय ठाऊक? डिझेलच्या नळीत हवा शिरली का इंजिन उचलत नाई, ते हवा बाहेर काढा लागते. मिस्त्री लोक तेवढंच म्हनते, 'हवा काढ.'

"मंग डिझेलातली हवा म्हना ना!" जमनी उलटून बोलली. "अर्धं तोंडात ठेवता अन् अर्धं बोलता. काढली म्या, भरीन बी मीच!"

अन् भरली! हातपंपानं, सहा चाकं, एकटीनं. दिवस मावळला तवा शेवटचं चाक टनक झालं. बांगड्याखाली हात सोलून निंगाले, पन कोनाले पंपाले हात लावू देल्ला नाई.

डोमाजी मालक मात्र पेटला. त्यानं मंडळाच्या बैठकीत ठरवूनच टाकलं, "महिन्यानं परीक्षा. त्या पोरीनं बंद गाडी चालू केली त राहीन. नाई त ते बी जाईन, अन् तिच्यासारखेच बाजारात भोंगा आयकून आलेले भीमराज अन् आखीन दोन पोट्टे बी जाईन. शिकवनी फक्त मेंबराइच्या मानसाइले!"

म्हनजे एकटीचं नाई, चौघाइचं नशीब तिच्या हातात! भीमराज काकुळतीले येऊन म्हने, "बाई, चाकाकडं पाहू बी नको व!"

परीक्षेच्या दिवशी मालकानं मुद्दाम एका गाडीची टाकी कोरडी करून मंग भरली. साऱ्या नळ्याइत हवाच हवा. वरून मिशीत हासून म्हने, "हं जमनाबाई, काढा हवा!"

पोट्टे खी खी करून राह्यले. जमनीनं बांगड्यावर फडकं गुंडाळलं, बोनट उघडलं. फिल्टरवरचा इस्क्रू ढिला केला, छोटा पंप दाबत राह्यली. फेस आला, बुडबुडे आले, मंग साफ डिझेलची धार. इस्क्रू आवळला. "मारा स्टार्टर!"

घुर्र घुर्र घुर्र. नाई उचलली.

"चला, हिचीच हवा गेली!" मालक टाळी वाजवून म्हने. भीमराजनं त डोळेच मिटले.

जमनीनं कोनाकडं पाह्यलं नाई. इंजिनाच्या डोक्यावर पातळ नळ्या जाते ना, त्याइचे नट तिनं एक एक करून ढिले केले. "मारा आखीन!" थू थू करून हवा निंगाली, अन् मंग असं डिझेल उडालं का वाकून पाहनाऱ्या मालकाचं पांढरं धोतर कामातून गेलं! तिनं भराभर नट आवळले. स्टार्टर मारला, अन् गाडी अशी गरजली का आवारातली कबुतरं उडाली.

भीमराज नाचाले लागला. मालक धोतर झटकत म्हने, "एक डाव जमलं म्हून कोनी मिस्त्री होते का? पाहू पुढच्या महिन्यात."

जमनीनं हातात खिळा घेतला अन् पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली. गाडीत आज बी पोती होती, अन् गाडी मालकाचीच; चाकं बसली का माल तिथंच अडकन.

"मालक, सांगा. कोनती हवा काढू?"

आधी उकंडा हासला. मंग पोट्टे हासले, पन या डावाले मालकाकडं पाहून हासले.

"लिही रे उकंडा," मालक दात खाऊन म्हने, "लिही शिकवनीच्या वहीत तिचं नाव!"

"नाई," जमनी म्हने, अन् खिळा तसाच चाकाले लावून ठेवला. "आधी त्या तिघाइचं लिहा. माह्यं शेवटी. मी इथंच बसून हाव."