पुसून न जाणारं धुकं

मित्रांनो, पाहणाऱ्याला मी एकच काच वाटते. पण मी दोन काचांची आहे, आणि त्या दोघींमध्ये थोडीशी कोरडी हवा कोंडलेली आहे. जर्मनीतल्या एका आलिशान गाडीच्या डाव्या दारात, चालकाच्या कानाशी, माझी सत्तावीस वर्षं गेली. आता मी एका परसात आडवी पडले आहे. इथवर कशी आले ते सांगून टाकते, म्हणजे माझा जीव थोडा थाऱ्यावर येईल.

दोन पातळ काचा तापवून सारख्याच वाकवल्या, त्यांच्या कडा पट्टीने बंद केल्या, की झाले मी. दारात बसवण्यापूर्वी कारागिराने ती पट्टी सगळीकडून बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाला, "ही टिकली तर तू टिकलीस." तेव्हापासून मला त्या कडेची धास्ती लागून राहिली. पाऊस आला की माझं लक्ष तिथेच जाई.

गाडी घेतली रुपर्ट हायब्ले यांनी. ते चर्चच्या घंटा ओतत. दिवसभर कानांवर नुसता ठणठणाट, त्यामुळे त्यांना शांततेची फार भूक. पहिल्याच दिवशी त्यांनी बायकोला शेजारी बसवलं आणि मला वर केलं.

"ऐक," ते म्हणाले.

गेर्लिंडेने कान दिला. "काय ऐकू? काहीच तर ऐकू येत नाही."

"तेच तर ऐक!"

त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं झालं. दर शनिवारी ते मला मऊ फडक्याने पुसत आणि पाहुण्यांना टिचकी मारून दाखवत. बाहेर ट्रक असो की वादळ, मी आवाज आत येऊ देत नसे.

मग कारखाना बंद झाला आणि रुपर्ट घरी बसले. गाडी आठवडेच्या आठवडे लिंडनच्या झाडाखाली भिजत उभी राहू लागली. शेवटी ज्याची भीती होती तेच झालं. खालच्या कोपऱ्यात पट्टी सुटली, माझ्या आत दमट हवा शिरली आणि तिचं धुकं साचलं.

रुपर्टनी मला आतून पुसलं, मग खाली उतरून बाहेरून पुसलं. माझं धुकं जागचं हललं नाही. ते दोन काचांच्या मध्ये होतं, तिथे कुणाचाच हात पोचत नाही.

पुढचं वर्ष फार वाईट गेलं. गाडी गॅरेजच्या खांबाला घासली, तेव्हा रुपर्ट म्हणाले, "काच!" लाल दिवा हुकला, तेव्हाही, "काच!" शेजाऱ्याच्या ट्युलिपवरून चाक गेलं, तेव्हा तर ते माझ्यावरच खेकसले, "ही एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार!" मला ते खरं वाटलं. रोज सकाळी मी उन्हाची वाट पाहायची, आतून सुकण्याची धडपड करायची आणि दुपारी पुन्हा धुरकट व्हायची.

आमच्याकडे गाडीची दर दोन वर्षांनी तपासणी होते. तपासनिसाने विजेरी घेऊन ब्रेक पाहिले, दिवे पाहिले आणि माझ्या नावापुढे फुली मारली. महिन्याभरात काच बदला, म्हणाला. रुपर्टना मात्र कुणीच तपासलं नाही. त्यांच्या पाकिटातल्या परवान्यावर अजून अठरा वर्षांचा, दाट केसांचा मुलगा हसत होता.

गॅरेजवाल्या एरकानने डोकं खाजवलं. "हायब्लेसाहेब, असली काच आता कुणी बनवत नाही. भंगारात मिळाली तर देव पावला म्हणायचं."

देव पावला. भंगारात तशी काच मिळाली आणि ती बसवून घ्यायला एका शनिवारी एरकानकडे जायचं ठरलं. एप्रिलचं छान ऊन पडलं होतं. रुपर्टनी बटण दाबून मला दाराच्या पोटात खाली सोडलं. माझा शेवटचा प्रवास मी त्या अंधारात करणार होते. गेर्लिंडे पुढे जाऊन डाव्या बाजूला फाटकाचं दार धरून उभी राहिली. गाडी गॅरेजमधून उन्हात आली, डावीकडे वळली, आणि मला किंकाळी ऐकू आली.

"रुपर्ट! थांब! अरे, थांब!"

ब्रेक करकचून लागला. गाडी तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

"बघ! मी सांगत नव्हतो?" रुपर्ट ओरडले. "त्या काचेतून काही म्हणजे काही दिसत नाही!"

गेर्लिंडे धापा टाकत जवळ आली. तिने खिडकीतून हात आत घालून त्यांच्या खांद्यावर ठेवला. "कुठली काच, रुपर्ट?"

त्यांनी माझ्या जागी हात नेला. तो सरळ बाहेर गेला.

गाडीत इतकी शांतता मी पूर्वी कधी ऐकली नव्हती, आणि ती माझ्यामुळे नव्हती. मग रुपर्टनी किल्ली काढून तिच्या हातात दिली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. वर्षभर त्यांनी तो माझ्या नावावर खपवला होता. खोटं बोलत होते असं नाही, घाबरलेले होते. मे महिन्यात दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. मधल्या काळात एरकानने मला काढलं आणि गेर्लिंडेने सॅलडच्या रोपांवर झाकण म्हणून परसात आडवं ठेवलं. डोळे बरे झाल्यावर रुपर्ट वाकून माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"गेर्लिंडे, अगं, ही खरंच धुरकट आहे की!"

"मग? तुम्ही दोघंही होतात."

ते हसले. मला अजून हसता येत नाही. त्या दिवशी थंडी असती तर मी वर असते. माझं काम मी नेहमीसारखं चोख केलं असतं, आणि तिची किंकाळी बाहेरच राहिली असती.

म्हणून मित्रांनो, आम्हाला पुसा, आमच्या कडा जपा. पण दोन्ही बाजूंनी पुसूनही समोरचं दिसेना, तर आम्हाला दोष देण्याआधी एकदा काच खाली करून पाहा.