गिऱ्हाइकाच्या शोधात फिरलेला गंधक

मित्रांनो, मी एका गोणीत भरलेला गंधक आहे. वय म्हणाल तर जेमतेम वर्षाचं, पण दारोदार फिरून म्हातारा झालोय.

जमिनीखालच्या वाफेवर वीज करणाऱ्या एका केंद्रात माझा जन्म झाला. वाफेबरोबर कुजक्या वासाचा वायू वर येई. तो गावकऱ्यांना बाधू नये म्हणून यंत्राने अडवला, आणि त्याचाच मी झालो. देवाने धरणीच्या पोटात ठेवलेलं वाया कसं जाईल, असं मला वाटे. पण माझा ढीग वाढत गेला आणि साहेब म्हणाले, "महिन्यात गिऱ्हाईक नाही मिळालं, तर खड्ड्यात पुरून टाका."

तेव्हापासून मला चैन नाही. गिऱ्हाईक शोधायचं काम सातपूरच्या शुभांगीताईंनी घेतलं. नमुना म्हणून मी त्यांच्या गाडीत चढलो. रबराच्या कारखान्यात किशोरशेठ म्हणाले, "ताई, गंधक आणलाय की चुलीतली राख?" वेलींवर गंधक फवारणाऱ्या द्राक्षवाल्यांनीही नाक मुरडलं. चढव, उतरव, पुन्हा चढव! तीनच दिवस उरले.

मग ताई चुकल्या. बाजारातला पिवळाधमक गंधक माझ्या तोंडाशी दोन बोटं ओतला आणि कांदा पिकवणाऱ्या देवळा गावी निघाल्या.

तिथे सप्ताह चालू होता. मला मंडपाच्या खांबाला टेकवलं. बुवा रंगात येऊन सांगत होते, "देव वरचं सोंग बघत नाही रे!" तो पिवळा थर मला टोचू लागला.

कीर्तन उठलं. बारा एकर कांदा लावणाऱ्या लंकाबाई आल्या. कपाळाला बुक्का. त्यांनी पदर खोचला आणि थेट कोपरापर्यंत हात माझ्यात घातला. मूठ उघडली, तर राखाडी!

"अगं बया! वर मोठा कांदा, खाली बारीक गोल्टी! लासलगावच्या बाजारात आम्ही जन्मभर हेच केलं, आन् तू मला शिकवतीस व्हय?"

सगळे हसले. ताईंचे डोळे भरले. "चुकलं, मावशी. ढिगात माती मिसळली म्हणून मळकट दिसतो. पण तपासणीत चांगला निघालाय, हा कागद बघा."

"मग ह्यो कागद वर ठिवायचा! कांद्याला तिखटपणा गंधकानं येतो. जमिनीला रंग काय करायचाय? लागणीआधी पाच गोण्या धाड. वरून काय वतलंस तर परत पाठवीन."

बाईंचं ऐकून बाकीचेही पुढे आले. संध्याकाळपर्यंत ट्रकभर मागणी झाली. खड्डा टळला.

आता मी लंकाबाईंच्या वाफ्यात पडलोय. जीव अजून थाऱ्यावर नाही. कांदा तिखट उतरला, तरच माझ्या भावंडांना पुढच्या साली बोलावणं येईल. मित्रांनो, कुणाला वरवर बघून पुरून टाकू नका. मला पाहिलं पुष्कळांनी. आत हात मात्र एकीनेच घातला.