मुद्देमालातला वीरगळ

मित्रांनो, लढताना मरण आलेल्या माणसाच्या आठवणीसाठी पूर्वी गावाबाहेर एक कोरीव दगड उभा करत. त्याला वीरगळ म्हणतात. मी तसा एक जुना वीरगळ आहे. पण आज मी उभा नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगणात, जप्त केलेल्या वाळूच्या ट्रॅक्टरशेजारी मी आडवा पडलो आहे. माझ्या छातीवर पिवळ्या रंगाने ‘मुद्देमाल क्र. ४’ असे लिहिले आहे.

सात-आठशे वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातल्या पुसेगावच्या बाजूला गाई पळवणाऱ्या टोळीशी एक माणूस एकटा लढला आणि ओढ्याकाठी पडला. गावाने काळा दगड आणला. पाथरवटाने माझ्या खालच्या चौकटीत तो माणूस आणि त्याच्या गाई कोरल्या, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंग आणि शेंड्यावर चंद्र-सूर्य. खालच्या दोन चौकटींच्या मधल्या पट्टीवर त्याने दोन ओळी अक्षरे कोरली.

राज्ये आली, गेली. शिवारात हळद आली. पोळ्याला बैल माझ्याभोवती फिरवत आणि मला शेंदूर लावत. शेंदराचे थर इतके चढले की अक्षरे त्याखाली गडप झाली.

मी उभा होतो ती जमीन मिराबाईची. नवरा गेल्यापासून ती एकटीच शेत बघत होती. तिची लेक प्रतिक्षा हिंगोलीला कॉलेजात इतिहास शिकत होती. एका दुपारी माझ्या अंगावरचा शेंदराचा पोपडा निघालेला तिला दिसला. ती ओरडलीच, “माय, यावर लिवलेलं हाय!”

“मग खरवडून काढ की.”

“न्हाई माय. खरवडलं तर अक्षरंच जातील. जाणकार माणसं येऊन साफ करतेत. आधी याची नोंद व्हाया पायजे.”

तिने माझा फोटो काढून पुरातत्त्व खात्याकडे अर्ज पाठवला. उत्तर आले: मापे, नकाशा आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. ग्रामसभेत मोडता घातला तो उत्तमसिंगने. तो मिराबाईचा धाकटा दीर. शेजारचे शेत त्याचे. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोरच दोघांची जुंपली.

“वैनी, नोंद झाली की सरकार हद्द आखतंय. मग शेतात हीर बी खणू देत न्हाईत.”

“कोन म्हनलं?”

“समदेच म्हणतेत.”

“एकदा हापिसात जाऊन इचारू तरी.”

विचारायला कुणीच गेले नाही. ठराव बारगळला आणि त्याच्याबरोबर मापे घेणेही राहून गेले.

मग एका बाजाराच्या दिवशी दोन अनोळखी माणसे पिकअप घेऊन आली. शिवारात उत्तमसिंग एकटाच होता. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारले. तो म्हणाला, “माझा न्हाई तो. न्यायचा तर न्या, एकदाची तकलीफ जाईल.” एवढे बोलून तो बांधावर जाऊन उभा राहिला.

त्यांनी मला साखळी बांधली. माझा पाय जमिनीत खोल होता. गाडीने जोराचा हिसका दिला आणि मी मधोमध तुटलो, नेमका अक्षरांच्या पट्टीवर. तुटलेल्या कडेचा चुरा चाकाखाली गेला. उखडलेला खालचा भाग गडगडत शेजारच्या ओढ्यात पडला. वरचा त्यांनी नेला. पुढचे आठ दिवस एका पत्र्याच्या शेडमध्ये ते मला ॲसिडने घासत होते. त्या वेदना मी कुणाला सांगणार?

इतके जुने कोरीव दगड उचलून विकणे कायद्याने गुन्हा आहे. मिराबाईने त्याच संध्याकाळी तक्रार दिली होती. पोलिसांनी त्या दोघांना पकडले, मला शोधून काढले, पंचनामा केला आणि इथे आणले. मला वाटले, सुटलो. जमादार धर्मसिंग तिला म्हणाले होते, “निकाल लागला की घेऊन जा, बाई.”

त्याला तीन वर्षे झाली. धर्मसिंग भला माणूस आहे. त्यांनी माझ्यावर दोनदा ताडपत्री घातली. वाऱ्याने ती दोनदा नेली. मागे येणाऱ्या एका गाडीने माझा चंद्र उडवला. कोर्टाच्या प्रत्येक तारखेनंतर मिराबाई माझ्यापाशी येऊन बसते. एकदा ती रडत म्हणाली, “चोरांचा वकील म्हणतो, फोटोतला दगड शेंदरी, ह्यो काळा. त्यो अख्खा, ह्यो अर्धा. मापं कुटं हायत? नोंद कुटं हाय? मला माझा दगड वळखू येत न्हाई व्हय रे?”

मला ओरडावेसे वाटले. दगडाला ओरडता येत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात तिच्या मागोमाग उत्तमसिंग आला.

“वैनी, खालचा तुकडा वढ्यात पडला. म्या पायलं. म्या तिथंच होतो.”

“तीन वर्सं!” ती म्हणाली. “तीन वर्सं म्या कोर्टाच्या पायऱ्या चढून राहिले, भाऊजी. काहून बोलला न्हाई?”

“मलाबी आत घालतील म्हनून.”

तिने डोळे पुसले. “चला. दाखवा.”

पोलीस, पंच आणि उत्तमसिंग यांनी दोन दिवस ओढ्याचा गाळ उपसला. खालचा भाग सापडला. तो आणून माझ्याशी जुळवला तेव्हा एक कड सोडली तर तंतोतंत बसला. जबाबात उत्तमसिंगने सगळे खरे सांगितले आणि खाली सही केली. खटल्याला पुरावा मिळाला. खालच्या भागावर क्रमांक पाच पडला आणि तोही इथेच राहिला.

प्रतिक्षाने आपल्या सरांना आणले होते. जुनी लिपी वाचणारे ते गृहस्थ गुडघ्यावर बसून अक्षरे लावू लागले. गावाचे नाव लागले. बापाचे नाव लागले. ‘गाईंसाठी पडला’ हेही लागले. मग त्यांचे बोट डाव्या कडेला दोन बोटांच्या खड्ड्यापाशी थांबले.

“त्याचं नाव इथं होतं,” ते म्हणाले.

उत्तमसिंग खड्ड्यापाशी वाकला. “पुन्ना कोरता येत न्हाई का, सर?”

“काय कोरायचं?” सर म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या शिवारात, पारावर, विहिरीच्या काठी माझ्यासारखे कुणी असेल तर आजच जा. त्याला खरवडू नका, हलवू नका. माप घ्या, चारी बाजूंनी फोटो काढा, नोंदीसाठी अर्ज द्या. मनात शंका असेल तर कार्यालयात जाऊन विचारा. कायदा आमच्या मदतीला येतो, पण आम्ही कोण हे कागदावर असेल तरच त्याला आम्ही दिसतो. नाहीतर तो येईपर्यंत फार उशीर झालेला असतो.

मला ते नाव विचारू नका. माझ्यासमोर लोकांनी ते शेकडो वेळा उच्चारले असेल. मी ते कधी पाठ केले नाही. मला वाटत होते, ते माझ्या अंगावर कोरलेलेच आहे.