डेकवरची मॉक ड्रिल

आनंदा तारापूरच्या एमआयडीसीत सेफ्टी ऑफिसर. आणि त्याच्याच घरी, त्याच्याच हौसेने बांधलेल्या लाकडी डेकवर, त्याचीच आई घसरून पडलेली. आता यावर कोण हसणार नाही? कारखान्याच्या गेटवर 'आज शून्य अपघात' असा फलक आनंदा रोज स्वतः लिहायचा, तेव्हा मागून कुणीतरी हळूच विचारायचं, "साहेब, घरचा फलक कुठे लावलाय?" आनंदा हसण्यावारी न्यायचा. दुसरं करणार काय, कपाळ!

बोईसरच्या रो-हाऊसमागे डेक हवा, हा हट्ट त्याचाच. मूळचा कऱ्हाडकडचा माणूस, पण समुद्राजवळ राहायला आला म्हणजे आपणही थोडं समुद्री व्हावं, असं त्याच्या डोक्यात भरलं होतं. मुरब्याहून मासे विकायला येणारी जमना पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "काय रं भाऊ, होडी बांधलीस काय? समुद्र तर लांब हाय!" आनंदाची बायको ज्ञानेश्वरी ते वाक्य आठवडाभर आल्यागेल्याला ऐकवत होती. मग भाद्रपदात फळ्यांवर शेवाळ धरलं, आणि आई, मैनाबाई, देवाला फुलं आणायला गेली ती धाडकन आपटली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, वॉकर आला, डॉक्टर म्हणाले चालत राहा. पण म्हातारीने पुन्हा मागच्या दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायची. शेवटी धाकट्या विक्रमला तिनेच फोन लावला, "रविवारी ये आन् मला कऱ्हाडला घिऊन जा. हितं माझं काय काम न्हाई."

हे आनंदाच्या कानावर गेलं. त्याला आई जायला नको होती. आणि साहेबांनी लगेच निदानही करून टाकलं: आई फळ्यांना भ्यायलीय. फळ्या पक्क्या झाल्या, की आई राहील.

त्याने शेवाळ घासून काढलं, फळ्या उन्हात खडखडीत वाळवल्या आणि पालघरहून घसरण रोखणाऱ्या तेलाचा डबा आणला. डब्यावर मराठीत नीट लिहिलं होतं की हात पातळ द्यावा, जास्तीचं तेल पुसून घ्यावं आणि पूर्ण वाळू द्यावं. ज्ञानेश्वरीने भिंतीकडच्या चार फळ्या तशाच केल्या. पापडाच्या लाटीला लावावं तेवढंच तेल, आणि लगेच जुन्या सुती साडीने पुसून मोकळी.

"एवढंसं?" आनंदा म्हणाला. "अगं, सेफ्टी आहे ही. सेफ्टीत काटकसर करायची नसते."

कारखान्यात तो हातमोज्यावर हातमोजा घालायला लावणारा माणूस. त्याने उरलेल्या डेकवर अख्खा डबा रिचवला. एक हात, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि पुसायचं नाव नाही. फळ्या गुलाबजामसारख्या चकाकायला लागल्या. मग त्याने चारी बाजूंनी लाल-पांढरी पट्टी बांधली, 'प्रवेश निषिद्ध' अशी पाटी टांगली आणि बायकोला सुरक्षेवर लहानसं भाषणही दिलं. तिने भाषणभर मटार सोलले.

शनिवारी सकाळी मॉक ड्रिल ठरली. तारापुरात मॉक ड्रिलशिवाय पान हलत नाही. खोटी गळती, खोटा जखमी, खरी शिट्टी. इथे जखमी होण्याची शक्यता असलेली व्यक्ती, म्हणजे आई, आनंदा स्वतः होणार होता. त्याने आईच्या चपला पायात अडकवल्या, वॉकर घेतला, आपल्या चकाकत्या फळ्यांवर बादलीभर पाणी ओतलं, कंबरेतून वाकला आणि बायकोला म्हणाला, "शिट्टी वाजव."

ज्ञानेश्वरीने शिट्टी वाजवली. आनंदाने म्हातारं पाऊल टाकलं. पाऊल पुढे गेलं, चप्पल मागेच राहिली. वरून वाळल्यासारखं दिसणारं तेल आतून काकवी झालं होतं. दुसरी चप्पलही रुतली. वॉकरचे पाय चिकटले, तो उचलायला साहेबांनी जोर लावला, आणि पुढच्या क्षणी तालुक्यातला नावाजलेला सेफ्टी ऑफिसर चारी हातपायांवर रांगत होता. उठायला गेला की गुडघे चिकटायचे, गुडघे सोडवले की तळवे. घसरण रोखली होती, यात मात्र शंका नव्हती.

ज्ञानेश्वरी हसून हसून पायरीवर बसली. आणि तेवढ्यात मागचं दार करकरलं.

मैनाबाई दारात उभी होती. वॉकर तर लेकाने नेलेला. भिंतीला हात लावत ती भिंतीकडच्या फळ्यांवरून, अनवाणी, टप्प्याटप्प्याने पुढे आली. त्या फळ्या कोरड्या होत्या, पाय धरत होत्या. ती पोराकडे बघत राहिली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. खुब्यावर हात ठेवून हसली.

"आई, जपून!" आनंदा रांगता रांगता ओरडला. "हलू नको! तिथंच थांब!"

तिचं हसू मावळलं.

"ह्येच," ती म्हणाली. "पडले तवापास्नं तू माझ्याशी दुसरा शबूद बोललास का? जपून, थांब, धर, उठू नको. कारखान्यातल्या पाटीवानी. फळ्यांना कोण भितंय? आदी तू माझ्याशी भांडायचास. च्यात साखर कमी म्हणून भांडायचास, टीव्हीसाठी भांडायचास. आता आलास की आदी जमीन बघतोस, मग मला. मला वाटलं, मी ह्याच्या घरातलं एक संकट झाले."

आनंदाला वाईट वाटलं. इतकं की तेलकट हातांनी डोळेही पुसता येईनात. चार महिने तो आईची काळजी करतोय असं समजत होता. खरं तर तो स्वतःचा फलक सांभाळत होता. लाजच वाटली त्याला स्वतःची.

"मला भीती वाटते गं," तो म्हणाला. "तू पुन्हा पडलीस तर?"

"पडंन की. म्हातारं माणूस पडतंयच. तू आत्ता पडलास, मी हसले का न्हाई? मी पडल्यापास्नं तू एकदा तरी हसलास माझ्यासंगं?"

आनंदाने उठायचा प्रयत्न केला. गुडघा ओढून बघितला, तर नव्या पॅन्टचा तुकडा फळीवरच राहिला.

"हसायला काय जातंय तुझं?" तो एकदम उखडला. "पॅन्ट फाटली माझी! आणि ही बया शिट्टी वाजवून हसतीय! दोघींनी मिळून चालवलंय काय हे!"

"आत्ता कसं," मैनाबाई भिंतीला टेकून खाली बसत म्हणाली. मग सुनेकडे वळली. "ज्ञानेश्वरे, विक्रमला फोन लाव. म्हणावं, उद्या ये, पोटभर जेव, आन् एकटाच परत जा."