चढावर जाणारे पाणी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मला पडदा नाही, कळफलक नाही, माउसही नाही. जिन्याखालच्या कोनाड्यात, चपलांच्या कपाटाला खेटून मी उभा असतो. एखादा नवखा पाहुणा मला स्टूल समजून माझ्या डोक्यावर पिशवी ठेवतो. लगेच आतून हाक येते, "अहो, तिथे नको! तिथे आमचं बेट आहे!" पाहुणा गोंधळतो आणि पिशवी पुन्हा काखेत मारतो. ते बेट माझ्या पोटात कसे आले, हेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझे भाग निरनिराळ्या कारखान्यांत तयार झाले आणि एका लांबलचक टेबलावर जोडले गेले. तेथून मी एका चष्म्याच्या दुकानात कामाला लागलो. कोणाचा नंबर वाढला, कोणाची फ्रेम सैल होते, कोण चष्म्यावर बसून चष्मा मोडतो, हे सगळे मी लक्षात ठेवत असे. दुकानाचे मालक गिऱ्हाइकांना ऐटीत सांगत, "तुमचं नाव मी विसरेन, पण हा पठ्ठ्या विसरायचा नाही." ते ऐकून माझा पंखा उगाचच जोरात फिरे.

पुढे दुकानात एक चपटा, चकचकीत संगणक आला. मालकांनी मला भंगारात घातले नाही, एवढी माया त्यांनी ठेवली. त्यांनी मला घरी आणून माळ्यावर चढवले. तिथे माझ्या जाळीवर धूळ बसली आणि एका कोळ्याने आत संसार थाटला. मला वाईट वाटले ते धुळीचे नाही. लक्षात ठेवायला काहीच उरले नाही, याचे.

मालकांची पुतणी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आली, आणि माझे दिवस पालटले. ही मुलगी विज्ञानाची. कुकरची शिटी का वाजते इथपासून तिचे प्रश्न सुरू होत. काका तिला 'शंकासुर' म्हणत. एका कंपनीने बेटांचा एक ऑनलाइन खेळ बनवायला घेतला होता आणि त्याची चाचणी आवृत्ती लोकांना खेळायला दिली होती. चाचणी आवृत्ती म्हणजे अर्धाकच्चा खेळ. खेळाडूंनी तो खेळायचा, त्यातले दोष शोधायचे आणि कंपनीला कळवायचे. शंकासुराला यापेक्षा गोड काम दुसरे कुठले असणार? ज्यांना हवे त्यांना खेळातले एक बेट स्वतःच्या संगणकावर चालवता येत होते. त्यासाठी तिने मला माळ्यावरून उतरवले, रंगाच्या ब्रशने माझी धूळ झाडली आणि कोळ्याला पुठ्ठ्यावर बसवून खिडकीबाहेर सोडले. मी सर्व्हर झालो.

सर्व्हरचे काम सोपे असते, पण त्यात खंड पडून चालत नाही. खेळाडू आपापल्या घरून बेटावर येतात. कोण कुठे उभे आहे, कोणी कुठे भिंत बांधली, कोणती फांदी तोडली, हे सगळे सर्व्हरने सांभाळायचे. त्यांचे बोलणेही माझ्यातूनच जात असे. पुतणीच्या मैत्रिणी येत, होड्या बांधत, एकमेकींना पाण्यात ढकलत आणि दोष सापडला की आनंदाने किंचाळत. बकऱ्या छपरावर चढून अडकत. एकदा एका मैत्रिणीचे डोके दारातून गेले आणि धड बाहेरच राहिले. "अगं, आधी कळवू की आधी हसू?" असे ती विचारत होती.

एक दिवस पुतणीला पाहायचे होते, की खूप माणसे एकदम आली तर मी दमतो का. माणसे कमी पडली. तिने काकूंच्या हातात लॅपटॉप दिला.

"काकू, काही करायचं नाही. नुसतं उभं राहायचं."

"नुसतं उभं राहायलाच तर जमत नाही गं मला," काकू म्हणाल्या.

त्यांचे गुडघे गेले होते. गच्चीवर त्यांची बाग होती. पण जिना चढणे बंद झाले, आणि काकांच्या हातून पाणी कधी घातले जाई, कधी राहून जाई. ती बाग वाळली. काकूंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मात्र रिकाम्या कुंड्या खाली आणू दिल्या नाहीत.

बेटावर मात्र काकूंना गुडघे नव्हते. पुतणी दुसरीकडे वळली तेवढ्यात त्या टेकडीवर चढून गेल्या. त्यांनी तिथे एक रोप लावले आणि पायथ्याच्या झऱ्यापासून चर खणला. मित्रांनो, चाचणी आवृत्तीत एक दोष होता. चरातले पाणी चढावरही वाहत असे. काकूंना तो दोष वाटला नाही. त्यांनी चर वर नेला आणि पाणी गुपचूप त्यांच्यामागून वर आले. मग त्या रोज दुपारी बेटावर येऊ लागल्या. टेकडीच्या माथ्यावर वाफे झाले, वेल चढले, मधोमध एक डेरेदार झाड वाढले. त्या झाडाचे प्रत्येक पान मी सांभाळले आहे.

पुतणीने तो दोष पाहिला आणि कळवला. कळवायचाच असतो, तोच चाचणीचा नियम. कंपनीने तिचे आभार मानले आणि नव्या आवृत्तीत पाणी सरळ केले.

नवी आवृत्ती आली तेव्हा पुतणीने आधी माझ्यावरच बेटाची एक प्रत काढून ती चालवून पाहिली. त्या प्रतीत पाणी टेकडीवरून ओघळत खाली आले आणि बाग डोळ्यांदेखत तपकिरी झाली. तिने ती प्रत पुसून टाकली आणि बराच वेळ ती माझ्यासमोर, चपलांच्या शेजारी, फरशीवर बसून राहिली.

तिने मला जुन्याच आवृत्तीवर ठेवले. पण मैत्रिणींच्या संगणकांवर खेळ नवा झाला होता, आणि जुन्या सर्व्हरवर नव्या खेळाला येता येत नाही. त्यांना बेटाचे दार बंद झाले. काकूंच्या लॅपटॉपवरचा खेळ पुतणीने जुनाच ठेवला होता. आता बेटावर काकू एकट्याच हिंडत.

मैत्रिणींचे फोन येऊ लागले. "आमच्याच होड्या आणि आम्हालाच बंदी? टाक ना नवी आवृत्ती!"

"कशी टाकू? सर्व्हर म्हातारा झालाय. त्याला झेपत नाही," पुतणी म्हणाली.

मला ते फार लागले. नवी आवृत्ती मी चालवून दाखवली होती, पंख्याचा आवाजही न वाढवता. पण मला बोलता कुठे येते!

काकू बोलल्या. भिंत धरत धरत त्या जिन्यापर्यंत आल्या होत्या. "का गं, परवा तू नवी आवृत्ती चालवून पाहिलीस आणि इथेच बसून राहिलीस, तेव्हा तर हा छान चालत होता. त्याला नाही झेपत, की मला नाही झेपणार असं तुला वाटतंय?"

पुतणीने फोन ठेवला. मग तिने सगळे सांगून टाकले: पाणी, दोष, आणि तो कळवणारी आपणच. "काकू, ती बाग पण वाळेल. म्हणून मी..."

"म्हणून माझ्या बेटावरची माणसं घालवलीस?" काकू खाली बसल्या, माझ्यावरच. मी अंग आवरून घेतले. "रोज जाते मी तिथे. फुलं आहेत, बघायला कोणी नाही. त्या होडीवाल्या पोरी कशा भांडायच्या! अगं, वाळायच्या आत बाग हलवता येते. गच्चीवरचीही खाली आली असती. मला कोणी विचारलंच नाही, आणि मीही बोलले नाही."

काका मागे येऊन उभे होते. त्यांनी सगळे ऐकले होते.

मग पुतणीने मैत्रिणींना तात्पुरता जुना खेळ परत घ्यायला लावला. एका रविवारी दुपारी सगळ्या बेटावर आल्या. काकांनाही एक फावडे मिळाले. काकू माथ्यावर उभ्या राहून हुकूम सोडत होत्या, "मुळं मोकळी करू नका! माती राहू दे! अहो, ते तण आहे, ते काय नेताय?"

"मला वाटलं, दुर्मिळ काहीतरी असेल," काका म्हणाले.

सगळे हसले. रोपामागून रोप टेकडीवरून खाली आले आणि मी प्रत्येकाची नवी जागा मनात ठेवली. फक्त मधले मोठे झाड निघेना. या खेळात वाढलेले झाड उपटता येत नाही.

"चला, टाक आता नवी आवृत्ती," काकू म्हणाल्या.

मी सगळा जोर लावला. बेट पुन्हा उघडले. पाणी माथ्यावरून उतरले आणि पायथ्याच्या वाफ्यांत शिरले. काही रोपे माना टाकून पडली, बरीचशी तगली. वरचे झाड मात्र हळूहळू पाने गाळून तसेच उभे राहिले. पुतणी त्याच्याकडे पाहायचे टाळत होती.

"राहू दे गं," काकू म्हणाल्या. "वाळक्या झाडावर पक्षी बसतात."

"काकू, या खेळात पक्षी नाहीत."

"झाडं आहेत आणि पक्षी नाहीत?" काकूंनी चष्मा पुसला. "मग कळव त्यांना. हा तर केवढा मोठा दोष आहे!"

पुतणीने नाक ओढले, ती हसली आणि तिने तिथेच बसून लिहायला घेतले.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा जुना संगणक तुमच्या घरीही असेल. त्याची जाळी अधूनमधून झाडा, त्याला हवा लागू द्या. घरात कोणी थकलेले माणूसही असेल. त्याला दुःख होऊ नये म्हणून त्याच्या वतीने निर्णय घेऊन टाकू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्यालाच विचारा. आमच्या घरी काका आता गच्चीवरच्या कुंड्या एकेक करून खाली आणत आहेत. कोणती कुठे ठेवायची, ते काकू सांगतात.